जोडव्यांविना आखाजी

चैत्र सरत आला की आमच्या गल्लीतल्या पोरी दोर मागायला येतात. आखाजीचा झोका बांधायचा असतो. मी दरवर्षी आधी खेकसते, मागच्या वर्षीचा दोर काय खाल्लात का म्हणून, आणि मग आतून नवा आणून देते. त्याही मला ओळखून आहेत. खेकसणं होईपर्यंत मुकाट उभ्या राहतात. एक पोर निंबावर चढते, बाकीच्या खालून तिला अक्कल शिकवतात, आणि दुपारपासून झोक्याची करकर आणि गाणी सुरू होतात. मला ती गाणी येत नाहीत असं नाही. पण मी खिडकी लावून घेते. कुणी विचारलं तर ऊन येतं म्हणून सांगते.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्या खानदेशात लेकींचा सण. दिवाळीला नाही आली तरी चालेल, पण सासरी गेलेली लेक आखाजीला माहेरी यायचीच. न्यायला कुणी आलं नाही तर ती पोर दिवसभर वाटेकडे बघत बसते, आणि घरातली भांडी जरा जास्तच जोरात आपटते. मी आयुष्यभर माहेरीच राहिले, त्यामुळे मला न्यायचा प्रश्न कधी आला नाही. लोक म्हणतात, बाई, तुम्ही सुटलात. म्हणू देत.

माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याशी एक लांबट व्रण आहे. सणावाराला तो ठणकतो वगैरे काही नाही, त्याला तेवढी शिस्त नाही. पण या दिवसांत पाय धुताना हात तिथं जरा थांबतो. मग मला तो उन्हाळा आठवतो. तिकडे विलायतेत लढाई चालू होती, इकडे रॉकेल मिळत नव्हतं, आणि मी सोळा वर्षांची होते.

अंगठ्याच्या मुळाशी हाडाची गाठ वाढायची आणि अंगठा शेजारच्या बोटावर चढायचा, हे आमच्या घरात रक्तातच असावं. माझ्या आत्याचा पायही तसाच होता. पण आत्याला घर ते विहीर एवढंच चालायचं होतं. मला शाळेत जायचं होतं. आमचं गाव तापीकाठी, सारंगखेड्याच्या अलीकडे. गावात शाळा चौथीपर्यंत, पुढची शाळा दोन कोसांवर. जाताना दोन कोस आणि येताना दोन कोस, काळ्या मातीची गाडीवाट, उन्हाळ्यात भेगाळलेली आणि पावसाळ्यात घोटाभर चिकट. वहाण घालावी तर गाठीवर घासायची, न घालावी तर खडा नेमका तिथंच लागायचा. त्यातून लग्नात घातलेली चांदीची जोडवी. वाकडा अंगठा शेजारच्या बोटावर रेटायचा, बोटातलं जोडवं मांसात रुतायचं, आणि घरी येईस्तोवर बोट वांग्यासारखं व्हायचं. एरंडाची पानं बांधून झाली, तेलं झाली. एका भगतानं डागही दिला. त्यानं गाठ तर गेली नाहीच, वर डागाचा फोड सोसावा लागला.

माझं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. ठरलं ते सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेत. माझे वडील आणि माझे सासरे एकाच घोडीवर बोली लावत होते. घोडी तिसऱ्याच माणसानं नेली आणि या दोघांनी तिथंच सोयरीक ठरवून टाकली. घोडा घेताना आधी पाय बघतात. मला बघताना कुणी पाय बघितले नाहीत, एवढं त्यांचं चुकलंच म्हणायचं. नवऱ्याचं नाव मी तेव्हा घेत नव्हते, आणि आता घ्यायचं कारण उरलेलं नाही. त्यांना मी दोनदा बघितलं होतं, दोन्ही वेळा मान खाली घालून, त्यामुळे त्यांचं धोतर मला चांगलं आठवतं.

माझं शिक्षण ही वडिलांची हौस. त्यांना स्वतःला अक्षर ओळखू यायचं, पण वाचताना दमायचे. मी वाचून दाखवलं की डोळे मिटून ऐकायचे. लग्नातच त्यांनी सासरच्यांकडून कबूल करून घेतलं होतं की पोर शाळेत जाते आहे तोवर माहेरी राहील. शाळा सुटली की तुमची. त्या वेळी सासरच्यांना वाटलं असेल, पोर किती शिकणार, चौथी नाहीतर पाचवी. मी सातवीत आले. सातवीला फायनलची परीक्षा. ती पास झालं की मास्तरीण होता येतं हे मला आमच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, आणि ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्या हिवाळ्यात मात्र माझ्या पायानं मान टाकली. आठवड्यातून दोन दिवस शाळा, चार दिवस खाटेवर. त्या वर्षीची परीक्षा हातची गेली, जूनपासून पुन्हा सातवीच. सासरहून निरोप आला, पोर शाळेत जात नसेल तर आखाजीनंतर घरी आणू. म्हणजे माझा पाय जूनच्या आत चालता झाला तर शाळा, नाहीतर सासर. एवढ्या सोप्या भाषेत मला ते तेव्हाही कळत होतं.

नवापूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी मिशनचा दवाखाना होता. तिथले डॉक्टर हाड कापून सरळ करतात असं वडिलांनी बाजारात ऐकलं. आई ऐकून घाबरली, मग तिनं देवापुढं नारळ ठेवला, आणि मग तिला एकदम जोडव्यांची आठवण झाली. पायाला सुरी लावायची म्हणजे जोडवी काढावी लागणार. नवरा जिवंत असताना जोडवी काढायची कुणी?

आई म्हणाली, "त्यासनी घाल्यात, त्याच काढतीन. आपन हात लावानं नही."

माझी आई रीतीभातीची फार पक्की. कोणत्या बोटानं कुंकू लावायचं, कुणाच्या ताटाला आधी हात लागायचा, सगळं तिच्या जिभेवर. गावातल्या बायका अडलं की तिला विचारायला यायच्या. तिनं वडिलांकरवी माझ्या सासूला निरोप धाडला, तुम्ही दवाखान्यात या आणि तुमच्या हातानं जोडवी उतरवा. आपल्या हातून काही अशुभ होऊ नये एवढंच तिच्या मनात होतं. त्यात तिनं केवढं पाऊल टाकलं हे तिच्या ध्यानात यायला पुढे पावसाळा तोंडावर आला.

पहाटे बैलगाडीतून तापी उतरलो. उन्हाळ्यातली तापी, गाडीच्या आखालाही पाणी लागलं नाही. दोंडाईच्याहून सुरतेच्या गाडीत बसलो. नंदुरबार गेलं आणि शेतं हळूहळू संपत जाऊन सागाची वाळकी झाडं सुरू झाली. डब्यात चढणाऱ्या बायकांची बोली मला कळेना. मी भूगोलाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. पश्चिम खानदेश जिल्ह्याचा नकाशा मला तोंडपाठ होता, पण नकाशात कुठं लिहिलेलं नव्हतं की आपल्याच जिल्ह्यात आपल्याला इतकं परकं वाटेल.

डॉक्टर गोऱ्या कातडीचे आणि म्हातारे. माझा पाय हातात घेऊन त्यांनी तो चारी बाजूंनी फिरवला, आणि अगदी पुस्तकातल्यासारख्या मराठीत म्हणाले, "आपण शाळेत जाता काय?" मला कुणी आपण म्हटल्याचा तो पहिला प्रसंग. मीही पुस्तकातल्याच मराठीत सांगितलं की मी सातव्या इयत्तेत आहे. वडील चकित होऊन आमच्याकडे बघत राहिले. गाठीचं हाड छिन्नीनं काढायचं, अंगठा ओढून सरळ करायचा आणि लाकडी पट्टीला बांधून ठेवायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. पावसाळ्यापर्यंत चालू लागाल म्हणाले. मी विचारलं, दोन कोस? ते हसले नाहीत. म्हणाले, दोन कोसही.

सुरी लावायच्या आधीचे ते काही दिवस पाय धुण्यात गेले. रूथ नावाची एक नर्स होती, त्याच डोंगरातली, किरिस्ताव घरातली, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. ती रोज गरम पाण्यात माझा पाय बुडवायची, टाचेच्या भेगा खरडायची, नखं अगदी मुळाशी कापायची. जन्मभर मातीत चाललेला पाय असा दुसऱ्या कुणी घासावा याची मला लाज वाटायची. ती म्हणायची, पाय म्हणजे पाय. जोडवी बघून ती म्हणाली, साबणानं काढू, दोऱ्यात ओवून तुझ्याच मनगटाला बांधू, पट्टी सुटली की तूच परत घाल. इथं सगळ्या बायका असंच करतात. मला ते पटलं होतं. पण वडील आईच्या निरोपाला बांधलेले. सासू येतील, त्या काढतील, असं त्यांनी सांगितलं.

सासू आदल्या दिवशी आल्या. मी त्यांना लग्नानंतर नीट बघत होते ती पहिल्यांदाच. उंच, काळ्यासावळ्या, कपाळावर गोंदलेलं, आणि आवाज मात्र अगदी मऊ. त्यांनी खाली बसकण मारली आणि माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. माझ्या आईनंही कधी माझा पाय मांडीवर घेतला नव्हता. पाय ही काही कुरवाळायची गोष्ट नव्हे. सासूंनी साबणाचं पाणी बोटावर सोडलं, सुजलेल्या बोटाभोवती जोडवं हळूहळू फिरवलं.

"दुखस का?"

मी नाही म्हटलं. खूप दुखत होतं.

"दुखी तं सांग. घाई नही शे."

जोडवं निघालं तेव्हा बोटावर पांढरं वळं उमटलं होतं. त्यांनी त्यावर अंगठा फिरवला, बराच वेळ. मग उजव्या पायाचंही काढलं. त्या पायाला काही व्हायचं नव्हतं, पण जोडी फोडत नाहीत म्हणाल्या. दवाखान्याच्या नियमानं गळ्यातली पोत आणि हातातल्या बांगड्याही उतरवाव्या लागल्या. ते सगळं त्यांनी एका फडक्यात बांधलं आणि फडकं पदराच्या टोकाला.

"मी काढस, मीच घालसू," त्या म्हणाल्या. मला रडू आलं. दुखण्याचं नव्हतं, शाळेचं नव्हतं, कशाचं होतं ते मला आजही सांगता येत नाही. तो हात पायावरून जाऊ नये असं वाटलं, एवढं खरं.

भूल दिली ती एका फडक्यावर. गोडसर उग्र वास, आणि मला म्हणायला लावलं म्हणून मी तापीच्या उपनद्या म्हणत होते. दोन-तीन नद्यांनंतर काही आठवत नाही. जाग आली तेव्हा पाय माझा नव्हताच. उश्यांवर ठेवलेला एक पांढरा गठ्ठा, वर बांबूचा पिंजरा, चादर टेकू नये म्हणून. ठणका उठला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. वडील दोन दिवस राहून गेले. सासूही निघाल्या.

"आखाजीले पोरी येतीन. आखाजी झायी का मी उनूच समज," त्या म्हणाल्या. त्या येणारच असं मी समजले.

वडील घरी पोचले तर धाकट्या भावाला देवी आलेल्या. घरात देवी आल्या म्हणजे दाराला निंबाचा डहाळा लागला. बाहेरचं कुणी आत यायचं नाही, आतल्यानं परगावी जायचं नाही, आईनं केस विंचरायचे नाहीत, तळण तळायचं नाही. देवीला राग यायचं निमित्त म्हणून द्यायचं नाही. हा निरोप मला एका ओळखीच्या गाडीवानाकडून कळला, तोही खिडकीतून सांगून तसाच गेला. म्हणजे आता सासू येईपर्यंत माझं कुणी येणार नव्हतं.

दवाखान्याची रीत अशी की रोग्याबरोबर घरचं माणूस यायचं. आवाराच्या कडेला पत्र्याची लांब पडवी, तिथं ही माणसं राहायची, तीन दगडांच्या चुली मांडून रांधायची आणि रोग्याला आणून भरवायची. जेवणाच्या वेळी प्रत्येक खाटेशी एकेक माणूस यायचं, फडक्यात भाकरी, वाटीत भाजी. माझ्या खाटेशी कुणी नसायचं. पहिले काही दिवस मी दूध-केळ्यांवर काढले, कारण सासू जाताना सांगून गेल्या होत्या, किरिस्तावांच्या हातचं खाऊ नको. मग एक दिवस रूथनं माझ्यापुढं नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण ठेवलं, आणि समोर उभी राहिली. भूक काय रीत बघते? मी खाल्लं. चांगलं होतं.

सगळ्यात वाईट ती दुपार. बाहेर सागाच्या पानांचा सडा, वाऱ्यानं ती पत्र्यावर घसटायची. रोगी झोपलेले. मी पुस्तक उघडायची, चार ओळी वाचायची, आणि खिडकीतून स्टेशनाच्या वाटेकडे बघायची. गाडीची शिट्टी ऐकू यायची. मग माणसं उतरून इथवर यायला किती वेळ लागतो हे मला पाठच झालं होतं. तेवढा वेळ गेला की मी परत पुस्तक उघडायची. आज मी पन्नास पोरींचा वर्ग एका नजरेत गप्प बसवते, आणि घरी येऊन कुलूप काढते तेव्हा घरातली शांतता ऐकू येते. ती शांतता माझ्या ओळखीची आहे. ती मला तिथंच पहिल्यांदा भेटली.

रूथशी बोलायचं तर तिला कामं फार. आणि तिची घरची बोली वेगळी, माझी वेगळी. दोघी शाळेतल्या मराठीत बोलायचो, त्यामुळे आमचं बोलणं नेहमी जरा कडक इस्त्री केल्यासारखं व्हायचं. "तुला घरची आठवण येते काय?" असं ती विचारायची, आणि मी "होय, येते" असं उत्तर द्यायची. त्यापुढे काय बोलावं ते आम्हा दोघींना धड्यात शिकवलेलं नव्हतं.

आखाजीच्या दिवशी पडवीत पुरण शिजल्याचा वास आला. आमच्या सपाटीकडच्या दोन-तीन बायका तिथं होत्या, कुणाचा नवरा, कुणाचं पोर दवाखान्यात. सण काही कुणाला थांबत नाही. त्यांनी खापरावर पोळ्या केल्या आणि मग त्यातली एक, जाडशी, हसऱ्या चेहऱ्याची, हळदीकुंकवाची वाटी घेऊन खाटांवरच्या बायकांना कुंकू लावत आली. माझ्या कानावर ती ओळखीची बोली पडली आणि मी चादर नीट करून उठून बसले. किती दिवसांत कुणी मला अहिराणीत हाक मारली नव्हती. ती माझ्यापाशी आली. चादर वर ओढून घेतल्यानं पिंजऱ्यातले माझे दोन्ही पाय तिच्या डोळ्यांसमोरच होते, एक बांधलेला, एक मोकळा, एकाही बोटात काही नाही. तिनं माझ्या गळ्याकडे बघितलं, हातांकडे बघितलं, भूल दिल्यापासून कोरड्याच राहिलेल्या कपाळाकडे बघितलं. वाटीत घातलेलं बोट तिनं तसंच पदराला पुसलं.

मागच्या बाईला ती हलक्या आवाजात म्हणाली, "एवढीशी पोर शे वं माय." मग माझ्या उशाशी पोळीचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, "खाई ले, बाई." आणि पुढच्या खाटेकडे गेली.

मला बोलता आलं असतं. माझा नवरा जिवंत आहे, जोडवी सासूच्या पदरात आहेत, एवढंच सांगायचं होतं. पण एकदम मनात आलं, आणि जोडवी घेऊन त्या आल्याच नाहीत तर? मग ही बाई चुकली असं तरी कसं म्हणायचं? ती पोळी मी खाल्ली नाही. रडले मात्र पोटभर, चादर तोंडावर घेऊन. सोळा वर्षांच्या पोरीला सणाच्या दिवशी कुणी कुंकू लावायचं टाळलं, तर ती रडणार नाही तर काय करणार?

टाके निघाले. पट्टी सुटली. पायाकडे बघवेना, निळाजांभळा, सुजलेला, वाळल्या रक्ताच्या रेघा. पण अंगठा सरळ. शेजारच्या बोटाला जागा देऊन गुमान उभा. रूथनं फरशीवर चिंचोके टाकले आणि म्हणाली, पायाच्या बोटांनी एकेक उचलून वाटीत टाक. घाम फुटायचा. पहिल्या दिवशी एकही उचलला गेला नाही. मग टाचेवर चालणं, मग भिंत धरून पूर्ण पाऊल, मग आवारातल्या आंब्यापर्यंत. आंब्याखाली उभी राहिले की पुन्हा स्टेशनाची वाट दिसायची. आखाजी होऊन गेली होती. आंबे उतरवले जात होते. सासू आल्या नाहीत.

न्यायला वडील आले. भाऊ वाचला होता, चेहऱ्यावर वण राहिले. वडील खंगलेले दिसत होते. मी त्यांना आंब्यापर्यंत चालून दाखवलं आणि परत आले. त्यांनी मान हलवली, आणि त्यांचे डोळे भरून आले ते मी बघितलं. माझ्या मोकळ्या बोटांवरून त्यांनी नजर वळवली आणि माझं गाठोडं बांधायला घेतलं.

घरी आल्यावर मात्र आईची नजर पहिली पायाकडे. तिथून गळ्याकडे. तिनं लगेच मनिहाराला बोलावून बांगड्या भरल्या, कपाळाला कुंकू लावलं. पण नवी जोडवी आणि पोत घालायला ती धजेना. सासरच्या हातानं उतरलेली जोडवी सासरच्याच हातानं चढायला हवीत. आणि चढलीच नाहीत, तर? आमच्याकडे नातं मोडताना सासरची माणसं सुनेच्या अंगावरचं उतरवून नेतात, मग पंच बसतात आणि काडी मोडतात. त्यातली पहिली पायरी आईनं स्वतः निरोप धाडून करवून घेतली होती. सगळ्या गावाला रीत सांगणारी माझी आई, ती उंबऱ्यावर बसून कपाळ बडवून घ्यायची. म्हणायची, मीच दिलं व त्यासना हातमा. रूथ म्हणाली तसं दोऱ्यात ओवून मनगटाला बांधलं असतं तर काहीच घडलं नसतं. मी आईला ते सांगितलं नाही. तिला आणखी कशाला जाळायचं?

शाळा उघडायच्या आठवड्यात सासू आल्या. सोबत सासरे, आणि एक नवं हिरवं लुगडं. आईचा जीव भांड्यात पडला. तिनं धावत पाट मांडला, पाणी दिलं, मला ओसरीवर बसवलं. सासूंनी समोर बसून माझा पाय उचलून मांडीवर घेतला, अगदी तसाच. व्रणावरून बोट फिरवलं. त्यांचा हात उन्हातून आल्यानं गरम होता.

"डागतरनी पाय सरळ करी दिन्हा," त्या म्हणाल्या. मग पदराची गाठ सोडली. "आते घर चाल. शाळा पुरे."

मी वडिलांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. सासऱ्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले की कबूल केलं होतं तेव्हा पोर लहान होती, आता फार झालं. जोडवी आज चढली तर ठीक, नाहीतर पंचांना बोलावू. हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. बाजारात भाव सांगावा तसं म्हटलं.

सासू मात्र माझ्याशीच बोलत होत्या, आणि त्याही काही खोटं बोलल्या नाहीत. "मन्हा पोऱ्या पाचवीमा बठना. तू सातवी व्हयनी तं तो घरमा तोंड कसं दाखाडी?" पोरगा पाचवीतच शाळा सोडून घरी बसला होता, आणि त्यांच्या आवाजात अजीजी होती. दवाखान्यात एवढ्या दिवसांत का आल्या नाहीत ते मला तिथं कळलं. त्या ठरवत होत्या. पोराकडे बघायचं की सुनेकडे, हे त्यांनी ठरवलं होतं. पोराची आई म्हणून कुणीही तेच ठरवलं असतं.

आई माझ्या खांद्याला धरून हळूच म्हणत होती, हो म्हन, पोरी. हो म्हन.

वडील एवढंच म्हणाले, "तिले इचारा. पाय तिना शे."

आणि मी काय सांगू, मला हो म्हणावंसं वाटलं. परीक्षा, मास्तरीण, दोन कोस, सगळं बाजूला ठेवून वाटलं. अख्खा उन्हाळा मी ज्या हाताची वाट बघितली होती तो माझ्या पायावर होता. हो म्हटलं असतं तर तो हात मला मिळाला असता. रोज नाही, पण कधी ताप आला, कधी पाय मुरगळला, तर मिळाला असता. माझी सासू तशी बाई होती, आजही मी तेच म्हणेन.

त्यांनी जोडवं बोटाच्या टोकाशी आणलं. मी पाय ओढून घेतला.

"माले शाळामा जानं शे," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की आईला ऐकू आला नसावा. सासूंना आला. त्यांची मांडी तशीच पसरलेली राहिली, हात तसेच, एका चिमटीत जोडवं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावतील असं वाटलं होतं, त्या रागावल्या नाहीत.

"मंग यासनं मी काय करू आते?" त्या म्हणाल्या. मग जोडवं परत पदराच्या गाठीत बांधून त्या उठल्या. लुगडं तेवढं आईजवळ ठेवून गेल्या.

पंच बसले, काडी मोडली, त्यांच्या मुलाचं दुसरं लग्न झालं. मी दोन कोस चालत शाळेत गेले, फायनल पास झाले, नोकरी लागली, आणि पाय पुन्हा कधी दुखला नाही. डॉक्टरांनी कबूल केलं होतं ते सगळं मिळालं. गुरुपौर्णिमेला पोरी रांग लावून माझ्या पाया पडतात. टेकवल्यासारखं करतात आणि पळतात, त्यांना खेळायचं असतं. माझा पाय मांडीवर घेऊन, दुखतं का म्हणून विचारणारं मात्र त्यानंतर कुणी नाही.